गुणमेलनातली लाल पाटी

कुणी हात लावलेला नसताना कॉम्प्युटरवरचा छोटा दिवा सलग थरथरत होता. आत काहीतरी भराभर वाचत, लिहीत होतं. योगिनीने आधी इंटरनेटची वायर उपसली, मग द्राक्षांवरच्या बुरशीच्या नोंदी उघडून पाहिल्या. फाइलींची नावं तीच, पण प्रत्येकीच्या शेवटी अनोळखी अक्षरं चिकटलेली. एकही उघडेना. तिची पीएच.डी. या नोंदींवरच उभी होती. दुसरी प्रत ठेवलेली डिस्कही गेली. सासूबाईंकडे येणाऱ्या स्थळांचे फोटो कॉम्प्युटरवर मावेनात म्हणून तिच्या नवऱ्याने, शेखरने ती कायमची जोडून ठेवली होती.

तिने तपासणी लावली. व्हायरस पत्रिका जुळवायच्या चोरीच्या प्रोग्रॅममधून शिरला होता. अँटीव्हायरसने त्याला केव्हाच ओळखलं होतं, पण त्याला अडवू नको, अशी कुणीतरी मुद्दाम सूट दिली होती.

"शेखर, ही सूट कुणी दिली?"

"मीच. गुण जुळवताना मध्येच लाल पाटी यायची. आई वैतागली होती."

सिंधुबाई पंचवटीतल्या या घरातच वधूवर मंडळ चालवायच्या. त्या आतूनच म्हणाल्या, "वैतागू नको तर काय? मुलीचे आईबाप समोर बसलेले, आणि पडद्यावर 'धोका'! देवळालीच्या पाहुण्यांनी अपशकुन म्हणून चांगलं स्थळ मोडलं."

"धोका खराच होता, आई," योगिनी म्हणाली.

"तुझं काय, परत लिहिशील. मोडलेलं लग्न परत जुळतं का?"

शेखर हसला. "अगं, बुरशी दर वर्षी येतेच की!"

योगिनीने तो प्रोग्रॅम मुळापासून काढला, पुन्हा तपासणी केली. मशीन स्वच्छ झालं. नोंदी परत आल्या नाहीत.

"झालं ना?" शेखरने ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला. "मग हे परत टाक. संध्याकाळी पाहुणे यायचेत."

चोरीचा प्रोग्रॅम ज्यातून आला होता, तोच पेनड्राइव्ह. तिने शेखरकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

तिचं कॉलेज सिन्नरला होतं. तिथे राहायचा विचार लग्नाच्या पहिल्याच वर्षी मनात आला होता. हा हंगाम होऊ दे, ही परीक्षा होऊ दे, असं म्हणत तिने तो दर वेळी गिळला होता.

"टाकतेस ना?"

"तूच टाक," ती म्हणाली. "मी सिन्नरला खोली घेतेय. एकटीसाठी."