फरशीवाल्याचा अर्ज

अर्ज बिनचूक भरलेला होता, हीच पहिली अडचण. फोटो चिकटवलेला, सही चौकटीच्या आत. 'सभासद का व्हायचे आहे?' या प्रश्नापुढे फक्त 'सामने पाहण्यासाठी' एवढेच लिहिलेले. क्लबाच्या अकरा वर्षांत त्या रकान्यात इतके सरळ उत्तर कोणी दिले नव्हते. लोक तिथे रक्त, घाम, माती असले काहीतरी लिहीत आणि जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला जात.

सेक्रेटरीने मान वर केली. घडीच्या टेबलापलीकडे फरशीवाला उभा होता.

"तुम्ही?"

"मीच. फोटो जरा जुना आहे."

"तिकीटखिडकी तिकडे आहे."

"तिकीट नकोय. सभासद व्हायचंय. चौथा नियम वाचूनच आलोय."

रांगेतल्या माना वळल्या. त्या गावात हा माणूस ठाऊक नाही असा कोणी नव्हता. न्हाणीघराच्या फरशा विकून त्याने पैसा केला आणि त्या पैशातून जुना क्लब विकत घेतला. क्लबाचा हिरवा रंग काढून त्याने खेळाडूंच्या अंगावर बदामी चढवला, कारण त्याच्या दुकानात त्या रंगाची फरशी सर्वांत जास्त खपे. तीन मोसम झाल्यावर मैदान विकून तो मोकळा झाला. आता तिथे गोदाम आहे.

क्लब बुडाल्यावर चाहते एका घरात जमले. घर बस डेपोतल्या टाइमकीपरचे होते. कोणती बस किती मिनिटे उशिरा सुटली हे लिहिण्यातच त्याची सारी नोकरी सरली होती. त्यांनी नवा क्लब काढला. रेल्वेमागची कचरा टाकायची जागा मिळवली, महिनाभर कचरा उपसला, रोलर स्वतः ओढला, गोलच्या जाळ्या घरी बसून विणल्या. मालक कोणी नाही, माणशी एक मत. टाइमकीपर सेक्रेटरी झाला आणि नियमावली त्याने एकटाकी लिहिली. फरशीवाल्याच्या पहारेकऱ्याने एकदा त्याला मानेला धरून दाराबाहेर काढले होते, त्या रागात चौथा नियम उतरला: 'अर्जदार कोणीही असो, त्याला सभासदत्व नाकारता येणार नाही. मात्र आधी त्याने सहा सामने क्लबाचे पडेल ते काम करावे.' रागात केलेला नियम बहुधा करणाऱ्याच्याच गळ्यात येतो.

"काम मी ठरवतो," सेक्रेटरी म्हणाला.

"ठरवा की."

"पुरुषांची मुतारी."

रांगेत कोणीतरी खुदकन हसले. फरशीवाल्याने अर्जाची पोच मागितली आणि मुतारी कुठे आहे ते विचारले. विचारायची गरज नव्हती. वास येत होता.

सेक्रेटरीचा हिशोब सोपा होता. हा गृहस्थ दोन सामन्यांत पळून जाईल. घरी जेवताना त्याने तो बायकोला सांगितला. बायको दवाखान्यात नर्स, आणि सामन्याला प्रथमोपचाराची पेटी घेऊन बसणारी.

"तो पळेल हे कशावरून?" तिने विचारले.

"अगं, जन्मात कधी झाडू धरलाय का त्याने?"

"तुम्ही तरी कुठे धरलाय?"

पहिल्या सामन्याला फरशीवाल्याने मुतारी धुतली. दुसऱ्याला वाकून जमीन ठोकून पाहिली. तिसऱ्याला तो पहाटे आला, गुडघ्यांना फडके बांधून बसला आणि दुपारपर्यंत सगळी फुटकी जमीन उखडून नवी फरशी बसवली. उतार असा काढला की पाणी क्षणभर थांबत नव्हते. चौथ्या सामन्याला लोक गरज नसताना आत जाऊन पाहून येऊ लागले. गोलकीपरने आपल्या सासऱ्यांना मुद्दाम नेऊन दाखवले.

सेक्रेटरीही गेला. उंबऱ्यातच थबकला.

"ही फरशी बदामी आहे."

"शिल्लक तेवढीच होती," फरशीवाला म्हणाला. "पाय पुसून या आत."

त्याच दिवशी गाणे बिघडले. सामन्याची दहा मिनिटे झाली की सगळे प्रेक्षक उभे राहून फरशीवाल्याच्या नावाने ओरडत. अकरा वर्षांत यात खंड नव्हता.

*फरशीवाल्या, घसरशील,*
*आपल्याच फरशीवर आपटशील!*

ढोल वाजवायला सलूनवाला. मोठ्या छातीचा, सगळ्या शिव्या यालाच पाठ. त्या दिवशी त्याने ढोलावर दोन थापा मारल्या आणि थांबला. मागचे लोक पुटपुटल्यासारखे गायले आणि खाली बसले.

"काय झालं रे? घसा बसला का?" सेक्रेटरी धावत आला.

"घसा कसला. आत्ताच आत जाऊन आलोय."

"मग?"

"माझ्या हातावर पाणी घातलं हो त्याने. टॉवेल दिला. आता लगेच आपट म्हणू का त्याला? जरा बरं दिसत नाही."

"आज ना उद्या म्हणशील?"

"उद्याही जावं लागणारच की," सलूनवाला म्हणाला.

सेक्रेटरीने पाचव्या सामन्याच्या आधी तातडीची सभा बोलावली. विषय एकच: चौथ्या नियमात दुरुस्ती. सहाव्या सामन्याचे काम उरकले की फरशीवाला सभासद होणार होता आणि त्याच्या कार्डावर सेक्रेटरीलाच सही करावी लागणार होती. ती करायची नाही, एवढेच त्याला हवे होते.

सभा खेळाडूंच्या खोलीत भरली. एकशे चार माणसे. बाकांवर, खिडकीत, बुटांच्या रॅकवर. दुरुस्तीला दोनतृतीयांश मते हवीत, हाही सेक्रेटरीचाच नियम. त्याने वीस मिनिटांचे भाषण केले आणि ते बरोबर विसाव्या मिनिटाला संपवले. मैदान कोणी विकले? रंग कोणी पुसला? आपण कचरा उपसत होतो तेव्हा हा कुठे होता?

"ते खरंय," मागून एक प्लंबर म्हणाला, "पण त्याने विकलं नसतं तर आपण हे काढलं असतं का? अजून त्याच्याच मैदानात शेंगा खात बसलो असतो."

"म्हणजे त्याचे उपकार मानायचे?"

"तसं नाही. पण मुतारी बाकी झकास."

हशा झाला. सेक्रेटरी फरशीवाल्याकडे वळला. तो दाराशी उभा होता. त्याला मत नव्हते, पण बोलायला मनाई नव्हती.

"निदान माफी तरी मागा. सगळ्यांसमोर."

"मागितली असती, पण खोटी होईल," फरशीवाला म्हणाला. "मला पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही. भाव चांगला आला, विकलं. आता दुकान मुलगा बघतो, मला गल्ल्याजवळ उभं करत नाही. टीव्हीपुढे बसलं की सून आवाज कमी करते. रविवारी दुपारी करायचं काय माणसाने?"

खोलीत पन्नाशीच्या पुढचे बरेच जण होते. माफीने झाले नसते ते या प्रश्नाने झाले. सेक्रेटरीला हवा फिरल्याचे कळले आणि त्याने, इतकी वर्षे मोजूनमापून बोलणाऱ्या माणसाने, घाई केली.

"मग ठरवा. एक तर तो, नाहीतर मी."

पुढच्या बाकावर बसलेली बायको हळूच म्हणाली, "असं विचारू नये हो. लोक उत्तर देतात."

दुरुस्तीच्या बाजूने अठरा हात वर झाले. विरुद्ध किती, ते मोजायची गरज नव्हती, पण सेक्रेटरीने मोजले. बायकोचा हात त्यात होता आणि कोपरात वाकलेलाही नव्हता.

घरी जाताना तो म्हणाला, "तू सुद्धा?"

"अठरा वर्षं सगळ्या जातीच्या, सगळ्या स्वभावाच्या लोकांच्या जखमा पुसतेय मी. तुमच्या नियमात बसणाऱ्यांच्याच पुसल्या असत्या तर वॉर्ड रिकामा राहिला असता."

त्याने राजीनामा लिहिला. त्यात तारीख होती, वेळही होती. पाचव्या सामन्याला तो घरी बसला. लोक मनधरणीला येतील, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याने बैठकीत चार खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि आढेवेढे किती घ्यायचे तेही ठरवले होते. कोणी आले नाही. सहाव्या सामन्याच्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. सलूनवाला होता, एकटाच.

सेक्रेटरीने त्याला खुर्ची दिली. "बोल. काय म्हणतात सगळे?"

"मुतारी धुऊन झाली त्याची. कार्डावर शिक्का मारायचाय ना आज. शिक्का तुमच्याकडेच राहिलाय."

"एवढंच?"

"नाही, नाही. म्हणाले, शाईचं पॅडही आण."

सेक्रेटरीने कपाटातून दोन्ही काढून दिले. शिक्क्याच्या कडा त्याने दर महिन्याला टाचणीने साफ केल्या होत्या, हे सलूनवाल्याला सांगावेसे वाटले, पण तो जिने उतरून गेला होता. पेटी घेऊन बायको आधीच गेली होती. घरात घड्याळाशिवाय काही बोलत नव्हते. तासाभराने सेक्रेटरी उठला, चपला घातल्या, मैदानावर गेला आणि तिकीट काढून आत शिरला.

अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच मोकळा बसला होता. एरवी सामना सुरू होताना तो पंचांच्या खोलीत असे, मध्यंतरात पाण्याच्या टाकीशी, आणि गोल झाला की आवाजावरून कोणाचा ते ओळखत असे. आज सावलीतली जागा, समोर हिरवळ. कामच नव्हते. मग त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. खेळ सुरू व्हायची वेळ टळून गेली होती. एक मिनिट. दोन मिनिटे. चार. खेळाडू अजून आतच.

"अरे, कमिटी झोपलीय का?" तो ओरडला. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्याला माहीत नव्हते. "घड्याळ विकलंत का रे सगळ्यांनी? कमिटी बदला!"

दोघांनी मागे वळून पाहिले, तिसऱ्याने टाळी दिली. शेजारच्या रांगेतून कोणीतरी सरकत जवळ आले. गळ्यात नवे कार्ड, शाई अजून ओली.

"अगदी बरोबर बोललात, सेक्रेटरीसाहेब," फरशीवाला म्हणाला. "माझ्या काळात सामना कसा ठरल्या मिनिटाला सुरू व्हायचा."

हे खरे होते. टाइमकीपर काहीही करील, पण वेळेच्या बाबतीत खोटे बोलणार नाही. तो उठला, समोरच्या उन्हातल्या पायऱ्यांवर जाऊन बसला आणि तिथून आळीपाळीने कमिटीच्या आणि फरशीवाल्याच्या नावाने ओरडू लागला.

मैदानाच्या कडेला पेटी घेऊन बसलेल्या बायकोने तो आवाज ओळखला.

"सिस्टर, साहेब फारच चिडलेत की हो," सलूनवाला म्हणाला.

"चिडलेत कुठे? रंगात आलेत," ती म्हणाली. "कित्येक वर्षांत इतके खूश नव्हते."

मध्यंतरापर्यंत त्याच्याभोवती सात जण जमले होते.