मिशीचा मुलूख

पुलाच्या अलीकडचे पुरुष मिशी ठेवत, पलीकडचे काढत. पूर्वी ही ज्याची त्याची हौस होती. मग दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना आपापलं राष्ट्र सापडलं, आणि तेही नेमकं नाकाखाली. जनतेने आपलं भवितव्य आपण ठरवावं, यावर दोघांचं एकमत होतं. ओठावर काय ठेवायचं तेवढं पुढारी ठरवणार. बायकांना मिशाच नाहीत, तेव्हा त्यांची बाजू कळायची कशी? म्हणून त्यांना पूलच बंद.

अलीकडच्या न्हाव्याला आयतीच राष्ट्रसेवा मिळाली. खोटी मिशी कोपऱ्यात धरून कशी ओढायची, हे चौकीवरच्या शिपायांना त्यानेच शिकवलं आणि पुढे कितीतरी दिवस छाती फुगवून फिरला.

मग पलीकडे दिलेल्या लेकीला मुलगा झाला.

"मिशीचं काय, उगवेल परत. नातू बघून या," बायको म्हणाली. तिचा स्वतःचा जीव तर नुसता टांगणीला लागला होता. न्हाव्याने मिशी सफाचट केली, पूल ओलांडला, नातवाला पोटभर पाहिलं. परतताना पुलाच्या मध्यावर त्याने खिशातली खोटी मिशी चिकटवली.

शिपायाने शिकवल्याप्रमाणे कोपरा धरून ओढली. हातात आली.

"काका, तुम्हीच शिकवलंत ना?" शिपाई कौतुकाने म्हणाला. "आता मागे फिरा."

मागे पलीकडचा शिपाई उभाच होता. "मिशी लावताना पाहिलं तुम्हाला. तुम्ही त्यांचेच!"

असा आपला न्हावी पुलाच्या मधोमध बसला. आपण शहाणे नसून शतमूर्ख आहोत, हे त्याला तिथे निवांतपणे पटलं. बातमी दोन्हीकडे पोहोचली. अलीकडच्या टोकाला बायको धावत आली. तिला पुढे सोडेनात. पलीकडून तुळतुळीत दाढी केलेला जावई बाळाला घेऊन आला. त्याला मध्यापर्यंत मुभा होती.

न्हाव्याने नातवाला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"खाली घ्या त्याला!" अलीकडचा शिपाई खेकसला. "मिशी नाही, म्हणजे तो त्यांचा!"

बायकोने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाचा उंचावून ती ओरडली, "अहो, कुणासारखा दिसतो?"

न्हाव्याने बाळाचा चेहरा पुन्हा नीट न्याहाळला.

"अजून कुणासारखाच नाही!"

"मग तसाच राहू दे त्याला!"