रविवारी किल्ली कोणाकडे होती

ईश्वर महाजन सरांचा लॉ सीईटीचा वर्ग सकाळी साडेसहाला भरायचा. जळगावात रिंगरोडच्या मागे, दातांच्या एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर ते एका ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे आणि सकाळचे दोन तास या तेवीस मुलामुलींना तर्कशास्त्राचे प्रश्न सोडवायला. विधान आणि निष्कर्ष, विधान आणि गृहीतक, नातेसंबंध, बैठक व्यवस्था. पहिल्याच दिवशी ते फळ्यावर एक वाक्य लिहीत आणि महिनाभर पुसू देत नसत : 'दिलंय तेवढंच धरा.'

"तुम्हाला काय माहीत आहे, काय वाटतं, ते घरी ठेवून या," ते म्हणायचे. "परीक्षेत माणसं तिथेच मार खातात. प्रश्नात नसलेली गोष्ट मनाने घालतात."

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सराव-संच सहा वाटला. त्यातला चौदावा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, कुठल्या पुस्तकातला नव्हता. अकरा वर्षं ते तो देत होते.

'विधाने : किल्लीशिवाय कपाट उघडत नाही. किल्ली एकच आहे. शनिवारी संध्याकाळी किल्ली क कडे होती. सोमवारी सकाळीही ती क कडेच होती. या दरम्यान कपाट उघडले गेले, पण कुलूप तुटलेले नाही. निष्कर्ष : कपाट क ने उघडले.'

उत्तर : निष्कर्ष निघतो.

'किल्ली एकच आहे' हे वाक्य त्यांनी मागाहून घातलं होतं, कारण एका वर्षी एका मुलाने डुप्लिकेट किल्लीची शंका काढली होती. त्यानंतर प्रश्न पक्का झाला, असं त्यांना वाटत होतं.

"चौदा, निष्कर्ष निघतो. पुढे," सर म्हणाले.

"सर, नाही निघत."

शेवटच्या बाकावरून ज्योत्स्ना पावरा बोलली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची मुलगी, जळगावला वसतिगृहात राहून शिकत होती. वर्गात ती क्वचितच तोंड उघडायची.

"का नाही निघत?"

"शनिवारचं दिलंय, सोमवारचं दिलंय. रविवारी किल्ली कोणाकडे होती ते दिलंच नाही."

"अगं, दोन्ही वेळेला त्याच्याकडेच आहे ना!"

"मधे कोणी मागून नेली असेल, परत दिली असेल. दिलंय तेवढंच धरायचं ना, सर?" मग जरा थांबून ती म्हणाली, "आमच्या पाड्यावर काही हरवलं की असंच करतात. ज्याच्या हातात शेवटी दिसलं, तो चोर."

दोन-चार मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला, एकदा मनात, एकदा ओठ हलवत. मुलगी बरोबर होती. साधी, उघडीवाघडी चूक होती. अकरा वर्षांत तिघा-चौघांनी तरी 'निघत नाही' असं उत्तर दिलं असेल आणि सरांनी त्यांचे गुण कापले असतील.

पण सर अडखळले ते त्यामुळे नाही. 'रविवारी' हा शब्द त्यांनी आधी ऐकला होता. एका माणसाच्या तोंडून, याच बाबतीत.

"सर, हा प्रश्न खरा घडलेला आहे का?" ज्योत्स्नाने विचारलं.

"आज इथेच थांबू," सर म्हणाले. घड्याळात सात वीस झाले होते.

तो प्रश्न खरा घडलेला होता. बावीस वर्षांपूर्वी ईश्वर महाजन धुळ्याच्या एका शाळेत नवे शिक्षक होते, अठ्ठावीस वर्षांचे. जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा होती. सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कपाट उघडलं, तर बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडलेलं. रविवारी संध्याकाळीच पेपर काही मुलांच्या हातात पडला होता. किल्ल्यांचा जुडगा शिपाई निंबा यांच्याकडे असायचा. तिघांची चौकशी समिती बसली : मुख्याध्यापक, संस्थेचे एक सभासद आणि लिहायला महाजन, कारण त्यांचं अक्षर चांगलं आणि मांडणी नेटकी. अहवाल त्यांनीच लिहिला. निंबांची नोकरी गेली. पुढच्या वर्षी महाजनांना जळगावला कॉलेजात जागा मिळाली. अर्जासोबत मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र होतं आणि त्यात 'अत्यंत तर्कशुद्ध विचारसरणी' असे शब्द होते.

घरी आल्यावर सरांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली.

"कॉलेजला नाही जायचं?" त्यांच्या पत्नीने, कोकिळाताईंनी, विचारलं.

"उशिरा जाईन."

अहवालाची कार्बन प्रत तिथे होती. आयुष्यातलं पहिलं सरकारी थाटाचं लिखाण म्हणून त्यांनी ती जपली होती. तिला गंजलेल्या टाचणीने कच्ची टिपणं जोडलेली होती, चौकशी चालू असताना घाईने लिहिलेली. सर ती उभ्यानेच वाचू लागले. तिसऱ्या पानावर, त्यांच्याच अक्षरात, एक ओळ होती :

'नि. म्हणतो — रवि. सकाळी किल्ली मु. घरी मागवली. रात्री परत.'

त्या ओळीवर पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ होती.

सर पेटीच्या झाकणावर बसले. 'मु.' म्हणजे मुख्याध्यापक. आता सगळं आठवलं. टेबलापलीकडे हात जोडून उभे असलेले निंबा, "रविवारना दिन..." असं अहिराणीत म्हणणारे. आणि शेजारून मुख्याध्यापकांचा शांत आवाज, "महाजन, हे आपल्या मुद्द्याचं नाही. शनिवार आणि सोमवार पुरे." महाजनांनी रेघ मारली होती. कुरकुर न करता, त्यांच्या सांगण्यात काही चुकीचं आहे असं मनातही न येता. नंतर ती ओळ ते इतकी साफ विसरले, की त्याच चौकशीचा त्यांनी प्रश्न बनवला, आणि तो मुलांना मोठ्या हौसेने घालत राहिले.

"अहो, काय झालं? पांढरे पडलात," कोकिळाताई म्हणाल्या.

"मी एका माणसाची नोकरी खाल्ली," सर म्हणाले. "आणि मला ते आज कळलं."

रविवारी ते एसटीने धुळ्याला गेले. खिशात घरी लिहून आणलेला कागद होता. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर देवपुरातला पत्ता सांगितला होता. वाटेत पारोळा गेल्यावर त्यांना वाटलं, निंबा जिवंत नसते तर बरं झालं असतं. हा विचार आपल्याच मनात आला, याचा त्यांना धक्काच बसला.

दार छत्तीस-सदतीस वर्षांच्या बाईने उघडलं. गळ्यात शिवणाची टेप होती, आत मशीनवर अर्धवट झालेला ब्लाउज.

"निंबाभाऊ आहेत का? मी ईश्वर महाजन, जळगावहून..."

"गणिताचे सर," ती म्हणाली.

सरांना क्षणभर बरं वाटलं. "तुम्ही माझ्या विद्यार्थिनी?"

"रूपा. नववी ब. खिडकीजवळ बसायचे." ती दारातून हलली नव्हती. "मी त्यांची मुलगी."

निंबांना मुलगी आहे, हेच सरांना माहीत नव्हतं. ती आपल्या वर्गात होती, हे तर नाहीच.

"आबांना काढलं ना, त्यानंतर पोरं मला विचारायची, आज कोणता पेपर आणलास?" रूपा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मधल्या सुट्टीत दप्तर उलटं करायची. फेब्रुवारीपासून मी आलेच नाही. हजेरीतलं नाव तुम्हीच कमी केलं असेल, वर्गशिक्षक होतात."

केलं असणार. वर्षअखेरीला गैरहजर मुलांची नावं लाल शाईने कमी करायची असत. त्यांनी पटसंख्या खाली आणली असेल, बेरीज जुळवली असेल. कुठली मुलगी का येत नाही, हे विचारल्याचं त्यांना आठवेना.

"कोन शे, रूपा?" आतून आवाज आला.

निंबा भिंतीला धरत बाहेर आले. सदुसष्ट वर्षांचे, गुडघे गेलेले. परवा-परवापर्यंत ते एका मंगल कार्यालयात राखणदार होते. त्यांनी सरांना लगेच ओळखलं आणि खुर्चीकडे हात केला.

सर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं : टिपण, ती ओळ, रेघ. निंबा ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदलत नव्हतं.

"माले माहीत शे," शेवटी ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"रेघ. मी सामनेच उभा व्हतू ना, सर. तुम्ही रेघ मारी, तवच मी समजनू, आते खलास."

बावीस वर्षं आपण जे विसरलो होतो, ते या माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत, निंबाभाऊ?"

निंबांनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "बोलनू व्हतू ना," ते म्हणाले. "तेच तुम्ही खोडं."

मग सरांनी खिशातला कागद काढला. "मी हे लिहून आणलंय. सही केली आहे. तुम्हाला जिथे द्यायचं तिथे द्या."

रूपाने तो घेतला आणि उजेडात धरून सावकाश वाचला.

"'चौकशीच्या वेळी एक महत्त्वाची नोंद अनवधानाने राहून गेली,'" तिने मोठ्याने वाचलं. "राहून गेली?"

सर कागद परत घ्यायला पुढे झाले.

"राहून गेली नाही, सर. तुम्ही खोडली. तसं लिहा."

"मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं..."

"तेही लिहा. पण आधी तुमचं."

तिने मशीनच्या खणातून वही काढून दिली. सर आता बसले आणि लिहू लागले. 'निंबा यांनी दिलेली माहिती मी माझ्या हाताने खोडली.' एवढं वाक्य लिहायला त्यांना चौथीतल्या मुलाइतका वेळ लागला. मग हात सुटला आणि ते भराभर लिहीत गेले. मुख्याध्यापकांचा पुतण्या त्या वर्षी दहावीत होता, हे त्यांना आठवलं. किल्ली रविवारभर त्यांच्या घरी होती. म्हणजे पाकीट...

"काय लिखी राहिनात?" निंबांनी विचारलं.

सरांनी वाचून दाखवलं.

"साहेबनी कपाट उघाडं, हाई तुम्ही दखं का?"

"पाहिलं नाही. पण किल्ली त्यांच्याकडे, पुतण्या दहावीत, दुसरं कोण असणार?"

"मी बी दखं नही." निंबांनी मान हलवली. "साहेब तर मरी गयात. ते काढी टाका. मन्हं जसं कयं, तसं त्यासनं नको."

"आबा!" रूपा उसळली. "तुमचं केलं तसं त्यांचं नको? त्यांनी तुमचं वाटोळं केलं!"

"किल्ली मांगाडी, इतलं मी सांगस. पुढलं माले माहीत नही."

सर त्या म्हाताऱ्याकडे पाहत राहिले. जी गोष्ट ते अकरा वर्षं फळ्यावर लिहीत होते, ती त्यांना आजवर एकदाही करता आली नव्हती. आताही आली नव्हती. त्यांनी नवं पान घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

"जेवीसनी जा," निंबा म्हणाले.

"आबा म्हणतील जेवून जा," रूपा म्हणाली. "मी म्हणत नाही."

सर पाणी पिऊन उठले.

पुढच्या आठवड्यात तिघांनी शिक्षण विभागाच्या कार्यालयात अर्ज दिला. आवक-जावक सांभाळणाऱ्या माणसाने तो वाचला आणि सरांकडे पाहिलं. "हे तुम्ही स्वतःविरुद्धच लिहिलंय." सर हो म्हणाले. "बरं," म्हणून त्याने शिक्का मारला. ही बातमी जळगावला पोहोचायला वेळ लागला नाही. वर्गातली पाच मुलं सोडून गेली. एकाच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "तर्क शिकवायचा तुम्हाला काय अधिकार?" ज्योत्स्ना परीक्षेपर्यंत येत राहिली.

सुनावणी जूनच्या अखेरीला लागली. आधी सरांना विचारलं, मग निंबांना. अधिकारी तरुण होत्या. प्रश्न संपल्यावर त्यांनी फाइल मिटता मिटता विचारलं, "आणखी काही सांगायचंय, आबा?"

निंबा खुर्चीत नीट बसले. रविवारी सकाळी किल्ली न्यायला कोण आलं, तेव्हा घरात कोण होतं, ती रात्री कितीला परत आली, समितीपुढे आपण कुठे उभे होतो, इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग मुलीची शाळा, मंगल कार्यालय, गुडघे. पाऊण तास ते बोलत होते. टंकलेखिका मधेच थांबली, की तेही थांबत. शेवटी तिने सगळं वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'सायंकाळी' लिहिलं होतं, निंबांनी ते 'रात्री' करायला लावलं. मग त्यांनी सही केली, एकेक अक्षर वेगळं काढत.

निकाल अजून आलेला नाही. त्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर सरांनी निंबांना आधार द्यायला हात पुढे केला. रूपाने आधीच वडिलांचा दंड धरला होता. ती सरांना एवढंच म्हणाली, "पुढची तारीख कळवीन. या," आणि रिक्षाला हात केला.