हॅपी टीम

“धीरे बोल ना भो!” सुपडू इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या टेबलावरच्या बाईच्या चमच्यातला पास्ता परत बशीत पडला.

“मी धीरेच बोली राहिनू!” लक्ष्मण तेवढ्याच जोरात म्हणाला.

मधल्या खुर्चीवर बसलेल्या रघुनाथला दोघांचंही नीट ऐकू आलं नाही. पण ते काय म्हणाले हे त्याला समजलं, कारण त्याचं लक्ष त्यांच्या ओठांवर होतं.

तिघांचेही कान कडोदऱ्याच्या कारखान्यातल्या शटलच्या लूमनी, जुन्या यंत्रमागांनी, केव्हाच खाल्ले होते. कानांवाचून तिथे कुणाचं अडत नव्हतं. त्या खडखडाटात देवानं आकाशवाणी केली असती तरी त्याला हातवारेच करावे लागले असते. माणसं एकमेकांचे ओठ वाचत आणि हातानं बोलत. दोन बोटं झटकन फाकवली की धागा तुटला. मूठ तोंडाशी नेली की चहा. कपाळावर आडवा हात म्हणजे शेठ आला, पोट आत घ्या. आणि छातीवर हात ठेवून तोच हात मागच्या मशीनकडे, मग डोळ्याकडे नेला की, ‘जरा जाऊन येतो, माझ्या मशीनकडे बघ.’ समोरच्यानं पंजा वर केला की व्यवहार पूर्ण. तो परत येईपर्यंत त्याची मशीनं आपली. तीस वर्षांत रघुनाथ आणि सुपडूनं एकमेकांना हे इतक्या वेळा सांगितलं होतं की सुपडूचा पंजा आता झोपेतही वर जात असेल.

खासगी काही बोलायचं झालं तर कारखान्यात एकच रीत होती. तोंडापुढे गमछा धरायचा. नाहीतर तुमची भानगड दहा मशीनं पलीकडच्या माणसालाही समजे.

आज मात्र तिघांचे गमछे घरी होते. “हॉटेलमा गमछा नही चालत,” असं लक्ष्मणनं काल बजावलं होतं. त्याची सून एकदा अशा हॉटेलात जाऊन आली होती, त्यामुळे या विषयात शेवटचा शब्द त्याचा होता. टेबलावर गमछ्यासारखंच एक कापड होतं, पण त्याची घडी घालून ग्लासात मोर करून ठेवला होता. मोर मोडायची कुणाची हिंमत झाली नाही.

टेबलाला एक फुगाही बांधला होता.

“सर, सेलिब्रेशन किसका है?” वेटरनं विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

वेटर समजूतदार होता. तो हसला आणि केक घेऊन आला. केकवर चॉकलेटनं लिहिलं होतं, ‘हॅपी टीम’. शेजारी सुरी होती. तिला कुणी हात लावला नाही.

हे सगळं हिरेनशेठमुळे. मोठे शेठ गेले आणि अमदावादहून शिकून आलेला मुलगा गादीवर बसला. गादी पहिल्यांदा गेली, मग लूम गेल्या. भंगारवाल्यानं त्या ट्रकमध्ये भरल्या, तेव्हा सगळे कामगार गाडीपर्यंत सोडायला गेले होते, मयतीला जावं तसे. त्यांच्या जागी आता पाण्याच्या धारेवर चालणारी नवी मशीनं येणार होती. जुन्या माणसांपैकी हे तिघेच उरले होते, आणि हिरेनशेठच्या हिशेबात दोघं पुरत होते.

“कौन जाएगा, वो मैं डिसाइड करूँगा तो तुम लोगों को बुरा लगेगा,” तो म्हणाला होता. “तमे त्रण दोस्त छो. संडे को बाहर बैठो, अच्छा खाओ-पिओ, और प्यार से डिसाइड करो. मंडे को नाम बोल देना.” मग त्यानं स्वतः डुमस रोडवरच्या हॉटेलात ‘ब्रंच’साठी टेबल सांगितलं. माणूस वाईट नव्हता. कॉलेजात त्याला असंच शिकवलं असावं.

“पन हाई ब्रंच म्हंजे काय शे?” सुपडूनं विचारलं.

“सकाळना नाश्ता आणि दुपारनं जेवन, दोन्हीस्नं मिळीसन एक,” लक्ष्मण म्हणाला. “सून सांगत होती.”

सुपडूनं विचार केला. “म्हंजे दोनमाथून एक काढी टाकं.”

“हा.”

“तरी मी म्हनू, शेठले हाई कोठे सुचनं.”

तिघंही हसले. हसता हसता लक्ष्मणचं लक्ष सुरीकडे गेलं आणि हसणं जरा लवकर थांबलं.

खाऊन घ्यावं म्हणून तिघं उठले. वाफवलेल्या मऊ लोच्यावर चीज घातलं होतं. उंधियोची भाजी पिझ्झ्यावर पसरली होती. एका काउंटरवर टोपीवाला माणूस गिऱ्हाइकाला विचारून विचारून पास्ता बनवत होता. सुपडूला त्यानं “व्हाइट या रेड?” विचारलं, तेव्हा सुपडूनं घाबरून “जो आप को ठीक लगे” असं सांगितलं. उभ्या आयुष्यात त्याला कुणी रंग विचारला नव्हता. ज्या रंगाचा ताणा लागेल तो विणायचा.

रघुनाथच्या बशीत मात्र खमणाचे दोन तुकडे होते आणि तेही तसेच पडून होते. तो आज खायला आला नव्हता. त्याला एक गोष्ट सांगायची होती. त्यासाठी त्यानं शर्टाला इस्त्री केली होती.

गोष्ट अशी. त्याची बायको केशरबाई गेली त्या वर्षी सुपडूनं त्याला विचारलं होतं, “आते एकटा काय करशी?” तेव्हा रघुनाथ म्हणाला होता, “विकास बलाई राहिना नाशिकले. ये ये म्हनस. मीच जात नही.” तेवढ्यापुरतं म्हणाला होता, सुपडूला वाईट वाटू नये म्हणून. पण पुढे ते वाढत गेलं. मुलानं, विकासनं, त्याच्यासाठी खिडकीजवळ पलंग टाकला. नातू फोनवर ‘आबा, कधी येणार’ म्हणून रडू लागला. सूनबाईनं मुद्दाम मऊ भाकरी करायला शिकून घेतलं. कारखान्यात सगळं हातवाऱ्यांनी सांगायचं असल्यामुळे फार तपशील द्यावा लागत नसे, पण रघुनाथनं तेवढ्यातही बरंच बसवलं होतं.

खऱ्या विकासचा शेवटचा फोन आला होता तो आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी. रघुनाथनं त्यात जरा घुसवून पाहिलं होतं, की इकडे कामाचं काही खरं नाही. “आबा, वन बीएचके आहे आपलं,” विकास म्हणाला होता. ‘आपलं’ म्हणाला, हे रघुनाथला आवडलं होतं. गावी, पारोळ्याकडे, त्याच्या वाटणीच्या खोलीत पुतण्यानं कडबा कापायचं मशीन बसवलं होतं. मशीनचा आवाज चांगला होता. झोपायला जागा नव्हती.

आणि झोप ही रघुनाथची मोठी अडचण होती. खडखडाटाशिवाय त्याला झोप लागत नसे. लिंबायतमधल्या त्याच्या खोलीत सुट्टीच्या दुपारी तो टेबलफॅनच्या जाळीत चमचा अडकवून आडवा होई. चमचा खडखड वाजे, आणि तो अशा गाढ झोपी जाई की शेजारचे येऊन फॅन बंद करत आणि तो दचकून उठे.

कारखाना सुटला, तर चमच्याशिवाय काही उरणार नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलं होतं, आज सांगायचं. विकास मला बोलवत नाही. कधीच बोलवत नव्हता. आता ठरवा.

“माले एक सांगनं शे,” तो बशीकडे बघत म्हणाला.

“काय?” लक्ष्मणनं कानामागे हात धरला.

“सांगनं शे एक!”

“जोरमा बोल!”

पलीकडची बाई आता चमचा खाली ठेवूनच बसली होती. वेटरही बघत होता. रघुनाथनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे वाक्य मान खाली घालून हळू बोललं तर या दोघांना ना ऐकू येणार होतं, ना ओठ दिसणार होते, आणि ओरडून सांगण्यासारखं ते वाक्य नव्हतं. त्यानं हात वर केले. पण कारखान्याच्या भाषेत धागा होता, चहा होता, शेठ होता. मुलगा बोलवत नाही, याला खूण नव्हती. कुणाला तशी गरजच पडली नसावी. किंवा पडली असेल, पण त्यानं सांगितलं नसेल.

“काही नही,” तो म्हणाला. “जिलेबी आनस.”

“आन, आन,” सुपडू म्हणाला. “तुन्हा नातूले आवडस ना जिलेबी? तूच सांगत होता.”

“हा,” रघुनाथ म्हणाला.

जिलेबीचा काउंटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे गरम कढईपुढे रांग होती. रघुनाथ रांगेत उभा राहून मनात वाक्य जुळवू लागला. सुपडूची मुलगी हर्षदा नर्सिंगला होती, दुसरं वर्ष. लक्ष्मणच्या बायकोला, शोभाबाईला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. हे त्याला माहीत होतं. ते दोघंही खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा एकटा तोच होता, आणि आता खरं बोलून त्याला त्या दोघांपैकी एकाला घरी पाठवायचं होतं. ‘माले कोनी नही’, एवढं पुरेल का? की आधी ‘माफ करा’ म्हणावं?

त्यानं बशी पुढे केली आणि सहज टेबलाकडे वळून पाहिलं.

फुग्याखाली दोघंजण एकमेकांकडे झुकून कुजबुजत होते. तो लांब आहे, त्याला ऐकू येत नाही, म्हणून अगदी बिनधास्त. हॉटेलातले लोक कुजबुजताना ओठ कमी हलवतात. लूमवाल्याला ते जमत नाही. त्याची कुजबूज म्हणजे आवाज काढून घेतलेली आरोळी. तोंड पूर्ण उघडतं, जबडा हलतो, आणि एकेक अक्षर भिंतीवर रंगवल्यासारखं दिसतं.

“रघ्याले जाऊ दे,” लक्ष्मणचे ओठ म्हणाले. “त्यान्हा पोऱ्या बलाई राहिना. त्यान्हं काय बिघडस?”

“हा,” सुपडू म्हणाला.

“मंग सांग त्याले.”

“तू सांग. मन्हाकडथून होवाव नही.” सुपडूनं ग्लासातला मोर ओढून काढला. तो उलगडला. त्या कापडानं त्यानं डोळे पुसले. “तीस वरीस समोर उभा ऱ्हायना तो मन्हा. आते कोन्हं तोंड दखू?”

“रडू नको. नशीबवान शे तो. खिडकीजोडे पलंग शे त्याले.”

“शे,” सुपडू म्हणाला. “चांगलं व्हयनं त्यान्हं. आपला तिघस्मा एकन्हं तरी चांगलं व्हयनं.”

“अंकल, और दूँ?” जिलेबीवाल्यानं विचारलं.

रघुनाथला ऐकू आलं नाही. जिलेबीवाल्यानं अजून दोन टाकल्या. पाक बशीवरून त्याच्या मनगटावर आला, शर्टाच्या इस्त्रीच्या घडीपर्यंत गेला आणि तिथे थांबला.

सुपडूनं डोळ्यावरून कापड काढलं, तेव्हा त्याला दिसलं की रघुनाथ त्यांच्याकडेच बघतोय. नुसता बघत नव्हता, ओठांवर बघत होता. सुपडूचा हात झटकन तोंडापुढे गेला, गमछा असता तर जसा गेला असता तसा. पण सगळं बोलून झालं होतं.

हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं जेवत होती, फोटो काढत होती, एक लहान मुलगी फुगा हवा म्हणून रडत होती. रघुनाथला यातलं काही ऐकू येत नव्हतं. सुपडूलाही येत नसणार. अगदी कारखान्यासारखं झालं होतं.

आता सांगता आलं असतं. रघुनाथनं तोंड उघडलं असतं, तर सुपडूनं एकेक अक्षर वाचलं असतं. ओरडायचीही गरज नव्हती.

रघुनाथनं बशी काउंटरवर ठेवली. पाकाचा हात शर्टावर, छातीवर ठेवला. मग तोच हात मागे नेला. मागे मशीन नव्हतं, कढई होती. मग डोळ्याकडे नेला.

जरा जाऊन येतो. माझ्या मशीनकडे बघ.

सुपडूचा पंजा वर गेला. तीस वर्षं जात होता, तसा आपोआप गेला. तो वर गेल्यावर मग सुपडूला कळलं, व्यवहार पूर्ण झाला.

दारावरच्या वॉचमननं रघुनाथला सलाम ठोकला आणि “फिर आइएगा सर” म्हणाला. बाहेर रस्त्यावर बसगाड्या आणि डंपर धडधडत हजीऱ्याकडे निघाले होते. तो आवाज त्याच्या छातीला लागला आणि त्याला जरा बरं वाटलं. त्यानं काचेतून एकदा आत पाहिलं.

वेटर लगबगीनं त्यांच्या टेबलाशी आला होता. त्याला वाटलं होतं, आपल्यालाच बोलावलंय.

“यस सर?” त्याचे ओठ म्हणाले. “केक काटें?”

सुपडूचा पंजा अजून वरच होता.