गच्चीवरची अद्रक

"मोबाईल जरा खाली घ्या नं. मला तुमचं डोकं न्हाई बघायचं, अद्रक दाखवा."

भिवानं मोबाईल खाली घेतला, पण बेतानंच. गच्चीवरच्या गोण्यांपैकी एकीतच अजून थोडी हिरवी पानं होती. बाकीच्या गोण्या पाठीमागे ठेवून तो त्या एकीसमोर उकिडवा बसला होता.

"अन् बाकीच्या?" कांताबाईनं विचारलं.

"हायेत की. ऊन लई पडून राह्यलंय, दिसत न्हाई बराबर. बाळ काय म्हनतंय?"

बाळाचा विषय निघाला की कांताबाई बाकी सगळं विसरायची. त्यांची लेक ज्योत्स्ना परतूरला शाळेत शिक्षिका होती. दुसऱ्या बाळंतपणात डॉक्टरांनी तिला प्रवास करू नका म्हणून सांगितलं, तेव्हा दिवाळी होताच आईच तिच्याकडे गेली. बाळ वेळेआधी आलं, अगदी चिमणीएवढं. त्यामुळे कांताबाईचा मुक्काम लांबत गेला.

इकडे जालन्यात भिवा एकटा. उभी हयात त्याची एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यात, भट्टीपुढे गेली होती. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत एक कुंडी ठेवायला जागा नव्हती. यंदा तो निवृत्त झाला, स्वतःचं लहानसं घर झालं आणि घराला गच्ची आली. उन्हाळा संपता संपता कांताबाईला परडीतल्या अद्रकीला कोंब फुटलेले दिसले. तिनं बियाण्याच्या रिकाम्या गोण्या आणवल्या, त्यांत माती आणि शेणखत भरलं आणि तुकडे लावले. श्रावणात गच्ची हिरवीगार झाली. संध्याकाळी ती वर जायची, एखादं पान चुरगाळून वास घ्यायची आणि उगाच बसून राहायची.

परतूरला निघताना ती म्हणाली होती, "पानी तेवढं घालत जा. दुसरं काई मागत न्हाई."

खरंच तिनं कधी काही मागितलं नव्हतं. गाडी गेल्यावर हे भिवाच्या लक्षात आलं आणि मनात रुतून बसलं.

म्हणून तर थंडीत पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्याची झोप उडाली. पाणी कमी पडलं असेल म्हणून त्यानं दोन वेळा घातलं. मग जास्त झालं असेल म्हणून बंद केलं. गोण्या ओढून सावलीत नेल्या, पुन्हा उन्हात आणल्या. कंबर धरली. शेजारचे काकासाहेब आष्टीकडचे जुने शेतकरी. त्यांना त्यानं मुद्दाम वर आणलं.

काकासाहेबांनी एक वाळकं पान बोटांत मोडलं. "कपाशी असती तर सांगितलं असतं, भिवाभाऊ. अद्रक आमी कधी केली न्हाई. पन हे गेलं बघा."

आणि आठवड्याभरात शेवटची हिरवी गोणीही आडवी झाली. त्याच दिवशी कांताबाईचा फोन आला. "बाळ आता चांगलं दूध पिऊन राह्यलं. मी बुधवारी येते."

भिवानं रात्रभर विचार केला आणि सकाळी बाजार गाठला. भाजीवाल्या गोजरबाईसमोर पिशवी धरून म्हणाला, "चांगली जाड अद्रक दे. मातीवाली."

"एवढी? लगीन हाय का घरी?"

"तसंच समज."

झाडं मेली तर मेली, पण खाली काहीतरी सापडलं पाहिजे. ही अद्रक गोण्यांत पुरायची आणि कांतानं उकरली की तिला तिचीच वाटली पाहिजे. गच्चीवर येऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं. काकासाहेबांची गच्ची रिकामी होती. त्यानं पहिल्या गोणीत खुरपं घातलं.

खुरपं अडलं. दगड असेल म्हणून त्यानं हातानं माती बाजूला केली. दगड नव्हता. त्यानं आणखी उकरलं. बोटांना बोटं लागावीत तशी जाडजूड अद्रक हाताला लागत गेली, एकीतून दुसरी फुटलेली. त्यानं धरून ओढलं तर आख्खा गड्डा वर आला, तळहातांत न मावणारा. नखानं खरवडलं आणि वास गच्चीभर झाला.

त्यानं दुसरी गोणी उपडी केली. तिच्यातही तेच. मग तिसरी. मातीनं भरलेल्या हातांनीच त्यानं परतूरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, पानं, पाणी, काकासाहेब, अगदी बाजारातली पिशवीसुद्धा.

 पलीकडे कांताबाई अशी हसत सुटली की बाळ दचकून रडायला लागलं.

"अहो, पानं वाळली म्हंजी अद्रक तयार झाली! सांगायचंच राह्यलं बघा. मला वाटलं, तवर मी येईन."

"अन् मी इतके दिवस..."

"इतके दिवस काय?"

"काई न्हाई."

तिनं रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "मी येत न्हाई बुधवारी. तुमीच या इकडं, नातीला बघा. अन् आपली अद्रक आना."

"अन् बाजारातली?"

"ती घाला तुमच्या काकासाहेबाच्या चहात!"

बुधवारी भिवा परतूरच्या स्टेशनावर उतरला तो खांद्यावर गोणी घेऊनच. ज्योत्स्नाच्या अंगणात कांताबाईनं गड्डे धुतले, फोडले, बाळंतिणीच्या सुंठीसाठी वेगळे काढले. उरलेले शेजारी वाटताना ती प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाली, "आमच्या ह्यांनी पिकवली."

ऐकून समोरच्या वंदनाताई हातात तुकडा घेऊन अंगणात आल्या. "दादा, गोनीत एवढी येते? मला बी लावायची. काय काय करायचं, सांगा नं."

भिवानं कांताबाईकडे पाहिलं. ती नातीला घेऊन आत चालली होती. "त्यांनाच विचारा," एवढंच म्हणाली.

भिवा खाटेवर सरसावून बसला. माती कशी भुसभुशीत हवी, तुकड्याला डोळा कसा हवा, पाणी कुठं थांबू द्यायचं नाही, तो हातवारे करून सांगत होता. एक-दोन ठिकाणी तो चुकला. आत कांताबाईला ते ऐकू आलं. तिनं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि थोपटत राहिली.