राघूची खरी उंची

आग्यामोहोळ उठलं तेव्हा राघू लेण्याद्रीच्या डोंगराखाली मेंढरं चारत होता. मेंढरं वाचली, माश्या तुटून पडल्या त्या राघूवर. जुन्नरच्या दवाखान्यात आणेस्तोवर तोंड सुजून भोपळा झालेलं, घशातून नुसती शिट्टी वाजत होती. त्याची बायको कुशाबाई पार गळाठून गेली होती.

डॉक्टर आरफाबाईंनी इंजेक्शन टोचलं आणि घसा बंद व्हायच्या आत श्वासनळीत नळी घालायची तयारी केली. राघू पाय पोटाशी घेऊन कळवळत होता. नर्सनं कुशाबाईला त्याचं नाव विचारलं, वय विचारलं, मग उंची. इथंच कुशाबाईनं घात केला.

राघू जेमतेम चार फूट दहा इंच, आणि कुशाबाई त्याच्याहून चांगली वीतभर उंच. लग्नात पोरी खुदूखुदू हसल्या, ते तिच्या काळजात असं रुतलं की पुढं वीस वर्षं तिनं नवऱ्याला कुणाशी मापू दिलं नाही. जत्रेत ती दहा पावलं मागं चालायची, फोटोत खाली बसायची, आणि कुणी खवचटपणे विचारलंच तर ठसक्यात सांगायची, साडेपाच फूट. आत्ताही दारात धाकटा दीर गेणभाऊ आणि गावची चार माणसं उभी होती. जिभेला वळणच पडलेलं. साडेपाच, ती बोलून गेली.

नळी घातली, सांगितलेल्या उंचीच्या हिशोबानं तेवीस सेंटिमीटरच्या खुणेवर चिकटपट्टीनं बांधली. मशीन श्वास देऊ लागलं. पण पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णववरून सत्त्याऐंशीवर आला, मग ब्याऐंशीवर. आरफाबाई छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या. बाहेर जनरेटर धडधडतोय, त्यात काय डोंबल ऐकू येणार! एक्सरेचं मशीन आणायला माणूस पळाला. राघूचे ओठ निळे पडत चालले.

कुशाबाईनं जन्मभर आजारी मेंढरांच्या बरगड्या चाचपल्या होत्या. तिनं राघूच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवले. उजवी बाजू वर येत होती, डावी हालेना.

"बाई, डाव्या अंगाला वाराच जात न्हाई."

आरफाबाईंनी मान वर केली. "मावशी, उंची नक्की साडेपाच ना? माणूस बुटका असला तर श्वासनळी आखूड असते. मग नळी फार खोल जाते, एकाच फुप्फुसात."

कुशाबाईच्या मनात आलं, आपणच मारलं का काय यांना? दारातली माणसं कान टवकारून उभी होती.

"चार फूट दहा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खोटं बोलले मी. मालक माझ्या खांद्याला लागत्यात."

पट्टी सुटली. नळी हळूहळू मागं आली, विसाच्या खुणेवर थांबली. आकडा एकोणऐंशी. तो तिथंच बसून राहिला, आणि कुशाबाईला वाटलं, आता संपलं. मग तळव्याखाली डावं अंग वर आलं. परत वर आलं. आकडा चौऱ्याऐंशी झाला, नव्वद झाला.

गेणभाऊ आत येऊन दबक्या आवाजात तिच्यावरच चिडला. डॉक्टरच्या कानात सांगता आलं नसतं का? आता गावभर हसं होईल, दादाला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

कुशाबाईनं डाव्या बरगडीवरचा हात काढला नाही.

"हसू द्या, भावजी," ती म्हणाली. "मला मालक हायेत तेवढंच पायजेत."