हयातच्या शेजारचं बटण

“बाई, जरा बघता का, मी मेलोय का ते?”

खिडकीबाहेरचा म्हातारा थट्टा करत नव्हता. बँकेतल्या पोराने त्याला सांगितलं होतं, आजोबा, तुमची पेन्शन बंद झाली, तुम्ही वारलात म्हणून. तो तिथून तसाच चालत इथे आला होता.

काचेमागे बसलेल्या वहिनींनी कीबोर्डवरचं एफ टू दाबलं, नाव टाकलं. फोटो आला. तोच चेहरा, दोऱ्याने बांधलेल्या दांडीचा तोच चष्मा. फोटोखाली लाल अक्षरांत ‘मयत’. त्याखाली नोंद करणाऱ्याचं नाव. वहिनींचंच.

“मागल्या महिन्यात तुमच्याकडेच आलो होतो,” म्हातारा म्हणाला. “तब्येत सुधारली म्हणालात. मग मारलंत कशाला?”

हा माणूस वहिनींना चांगला आठवत होता. त्यांनी स्वतः त्याला ‘हयात’ केलं होतं.

या पेन्शनच्या ऑफिसचं काम सांगायला हवं. आयुष्यभर राबलेल्या माणसाने वर्षातून एकदा गुडघे ओढत यायचं, काचेपुढे तोंड दाखवायचं आणि आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. हा नियम ज्याने काढला त्याचे गुडघे शाबूत असणार. आणि काचेच्या आत बसतात ते त्याच नियमाचे पगारी हात. वहिनी त्यातल्या एक. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. या खुर्चीवर आधी त्यांचा नवरा बसायचा. तो ऑफिसचा दादा, म्हणून या वहिनी. तो गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, आणि सगळं घर या एका खुर्चीच्या पायांवर उभं.

जुनं मशीन होतं तोवर सगळं बटणांवर चालायचं. मग नवं मशीन आणि नवा प्रोग्राम आला. रंगीत खिडक्या, चित्रं, आणि प्रत्येक गोष्टीला माउस. दिवसभर तो उंदीर सरकवून वहिनींचं मनगट सुजून भाकरीसारखं झालं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “तेल लावा.” कटकट थांबेना तेव्हा कुठे त्यांनी प्रोग्रामवाल्याला पाठवलं. हा चाळिशीचा, कंत्राटावरचा, कायम जांभया देणारा माणूस. एका दुपारी तो वहिनींशेजारी स्टूल घेऊन बसला.

“सांगा वहिनी, कुठल्या कामाला कुठलं बटण लावू?”

“जुन्यासारखंच ठेवा. नाव शोधायला एफ टू. हयात करायला एफ एट. बोटांना तेच ठाऊक आहे.”

“आणि मयत?”

“त्याला काही नव्हतं. मयत लिहायला वेगळा कागद यायचा.”

“लावून टाकतो. एफ नाइन मोकळं आहे. हयातच्या शेजारी मयत, लक्षात राहायला सोपं.”

“चुकून लागलं तर?”

“‘खात्री आहे?’ असं विचारेल ना. एंटर मारल्याशिवाय पुढे जाणार नाही.”

वहिनी हसल्या. त्या दिवसापासून माउस बाजूला पडला. मनगटाची सूज उतरली. आणि त्याच दिवसापासून त्यांच्या खिडकीवर येऊन गेलेली माणसं मरायला लागली.

चष्म्याच्या म्हाताऱ्यामागून दुसरा आला. मग एक आजी, सुनेचा हात धरून. मग रांगच लागली. ती रांग भांडत नव्हती, हेच वाईट होतं. इथली रांग म्हणजे कलकलाट, ढकलाढकली, ‘मी आधी’, ‘तुमच्या बापाचं ऑफिस आहे का’. ही रांग गप्प होती. सगळे वहिनींकडे टक लावून बघत होते. जणू त्यांचं काहीतरी यांच्यापाशी राहिलं होतं आणि ते मागायची त्यांना भीती वाटत होती.

त्यातच दोघे खरोखर वारले. म्हातारी माणसं, वारायचीच. पण दोघांचीही नोंद आधी झाली होती आणि मरण मागून आलं.

“त्या खिडकीला जाऊ नका,” दारावरचा शिपाईच लोकांना सांगू लागला. “बाईचा हात वाईट आहे.”

“तोंड आवर,” वहिनी एकदा त्याला म्हणाल्या.

“मी नाही हो, लोक म्हणतात,” तो म्हणाला आणि त्यांच्या टेबलावर पाण्याचा पेला न ठेवताच गेला.

साहेबांनी बोलावलं. “वहिनी, मेहनतीने दादाची जागा मिळवून दिली तुम्हाला. तुम्ही जिवंत माणसं मारताय.”

“मी दाबलं नाही, साहेब.”

“मग काय भुताने दाबलं? शुक्रवारपर्यंत काय ते लेखी द्या. नाहीतर खुर्ची सोडा.”

घरी त्या सासूला भरवायला बसल्या आणि हात मध्येच थांबला. आपण हिला भरवतोय, हिला काही झालं तर? हे असलं कधी त्यांच्या मनात आलं नव्हतं. सासूने तोंड उघडं ठेवून वाट पाहिली, मग स्वतःच चमचा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामवाला परत आला. आज जांभया नव्हत्या. कंत्राट त्याचंही जाणार होतं.

“वहिनी, रोजच्यासारखं काम करा. फक्त जे बटण दाबाल त्याचं नाव मोठ्याने घ्या.”

खिडकीवर एक म्हातारी होती. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे अफवा तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

“एफ टू,” वहिनी म्हणाल्या. नाव टाकलं. फोटो आला. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. “बऱ्या आहात ना, आजी? एफ एट.”

‘हयात’ उमटलं. वहिनी म्हातारीला मान हलवून ‘झालं’ म्हणाल्या. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. आणि त्यांच्या उजव्या हाताचं बोट उचललं गेलं, एक घर सरकलं, एफ नाइनवर टेकलं. मग करंगळी एंटरवर. पडद्यावर एक चौकट डोळ्याची पापणी लवावी तशी आली आणि गेली. म्हातारी हसत निघाली तेव्हा मेलेली होती.

प्रोग्रामवाला स्टूलवरून पुढे सरकला.

“शेवटी काय दाबलंत?”

“एफ एट. सांगितलं की.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर काही नाही.”

त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा. दरवेळी तोंड एफ एटला थांबायचं आणि हात दोन पावलं पुढे जाऊन यायचा. अखेर तो म्हणाला, “वहिनी, आता माझ्याकडे नाही, पडद्याकडेही नाही, फक्त बोटाकडे बघा.”

त्यांनी बघितलं. स्वतःचं बोट निघालेलं पाहून त्या खुर्चीत मागे सरकल्या, पण ते थांबलं नाही. जाऊन, टेकून, परत आलं. पाळलेल्या जनावरासारखं.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “हे त्यांचं आहे.”

“कोणाचं?”

“आमच्या ह्यांचं. शेवटच्या आजारात त्यांना कळलं होतं की ही खुर्ची मलाच मिळणार. एक मोडका कीबोर्ड आणला ऑफिसातून. तार नाही, पडदा नाही. मांडीवर ठेवून मला शिकवायचे. माझ्या हातावर हात ठेवून. एफ एट दाबलं की मशीन झोपतं म्हणायचे, एफ नाइन-एंटर मारून त्याला उठवायचं. पुढे मशीन बदललं, ते झोपायचं थांबलं. मला वाटलं, मी ते विसरले.”

प्रोग्रामवाल्याने त्याच बैठकीत एफ नाइन मोकळं केलं. मयत लिहायला कारण टाइप करणं सक्तीचं केलं. मेलेली सगळी माणसं एका संध्याकाळी हयात झाली, ती दोन सोडून. मग तो साहेबांकडे गेला. “बटण मी चुकीचं लावलं. बाहेर तशी पाटी लावा. बाईंचं नाव साफ होईल.”

“पाटी लावली की ऑफिसची चूक ठरते,” साहेब म्हणाले. “खुर्ची राहू दे तिची. झालं ना समाधान? आणि तू तोंड बंद ठेव, कंत्राट पुढे चालू राहील.”

त्याने तोंड बंद ठेवलं. पोटासाठी माणूस ठेवतो, आणि साहेबासारख्यांचं राज्य त्याच जोरावर चालतं.

खुर्ची राहिली. खिडकी उघडी राहिली. सोमवारी बाकीच्या दोन खिडक्यांसमोरची रांग दारातून बाहेर रस्त्यावर गेली होती. उन्हात उभी राहून माणसं चक्कर येऊन खाली बसत होती, पण मधल्या मोकळ्या खिडकीकडे कोणी येत नव्हतं. वहिनी ताठ बसल्या होत्या. हात टेबलाखाली, मांडीवर. काचेपलीकडे एक पोरगी आजोबांना त्यांच्याकडे ओढू लागली, तसे आजोबा मागे सरले आणि त्यांनी नजर वळवली.

टेबलाखाली उजव्या हाताचं बोट उचललं गेलं, मांडीवर टेकलं. मग करंगळी. वहिनींनी डावा हात त्याच्यावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, आणि समोर बघत राहिल्या.